उदगीरहून हैदराबादला बिऱ्हाड हलवतोय. ज्वारीचं काय करू?

डाळमिलवाला
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

बारा वर्षं उदगीरात डाळमिलमध्ये हिशेब लिहिले. आता पटानचेरूला एका औषध कारखान्यात लेखा विभागात काम मिळालंय. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. मी, बायको, चौथीतली मुलगी आणि आई, असे चौघं जाणार. मियापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने बघितलाय, चौथा मजला. हैदराबाद आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या निम्म्याने. पण आजवर दोनदाच गेलो. एकदा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला अन् एकदा चारमिनार बघायला. शहर अनोळखीच, तेलुगूचं एक अक्षर येत नाही.

आता खरा प्रश्न. घरात पाच कट्टे ज्वारी आहे, आमच्याच वावरातली मालदांडी. आई म्हणूलाली, "ज्वारी गाडीत चढल्याबिगर मी चढत नाही." टेम्पो छोटा आहे. फ्लॅटमध्ये धान्याची कोठी ठेवली तर पलंग ठेवता येणार नाही, असा हिशेब आहे. नेऊ का? नेली तर टिकेल का? तिकडे दळून देतात का?

शाळा, गाडीचे कागद वगैरेंबद्दलही सांगा. पण आधी ज्वारी.

टवाळ_परभणीकर
सगळा महाराष्ट्र पोरं घेऊन लातूरला येऊलालाय अन् तुम्ही पोरगी घेऊन लातूर जिल्ह्यातून बाहेर चाललात! पॅटर्नवाल्यांना कळलं तर तुमचं नाव कापतील.

पलंग सोडा, कोठी न्या. कोठीवर झोपता येतं, पलंग दळता येत नाही.

कुकटपल्लीकर
मी मूळ कंधारचा, इथे अकरा वर्षं झाली. जरा सविस्तर लिहितो.

ज्वारी इथे मिळते, तिला 'जोन्नलु' म्हणतात. पांढरीही मिळते अन् पिवळीही, पिवळीला 'पच्च जोन्नलु'. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायका तवे मांडून भाकरी थापतात, तिचं नाव 'जोन्न रोट्टे'. आपल्यापेक्षा पातळ अन् रुंद. म्हणजे ज्वारीच्या देशातून ज्वारीच्याच देशात चाललात. पाच कट्टे नेणं म्हणजे पंढरपूरला बुक्का नेण्यासारखं आहे.

पण मालदांडीची चव तिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दळायची अडचण अशी की इथल्या गिरण्यांत गहू, तांदूळ, मिरची, हळद सगळं येतं. आपल्याकडे 'ज्वारीवर ज्वारी' म्हटलं की गिरणीवाल्याला कळतं, इथे समजावून सांगावं लागतं. गव्हावर दळलेलं पीठ घरी आलं की भाकरी बिघडते अन् घरात आपल्यावर डोळे वटारले जातात. ज्वारीचा वार कोणता ते आधी विचारून ठेवा. आणि थोडं थोडं दळा. आठ-दहा दिवसांत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग ते थालीपिठाच्याच कामाचं.

मियापूर मेट्रोचं शेवटचं स्टेशन आहे, तिथून थेट एल. बी. नगरपर्यंत जाता येतं. पण पटानचेरू बरोबर उलट्या अंगाला, तिकडे मेट्रो नाही. कारखान्याची बस कुठून सुटते ते बघूनच घर पक्कं करा.

पेठेतला_पाहुणा
विषय छान! मी पुण्याचा, त्यामुळे अज्ञानातून विचारतो. एवढी यातायात कशाला? दर महिन्याला पाकिटातलं पीठ आणता येत नाही का?

काळी_माती
@पेठेतला_पाहुणा, येतं की. श्रीखंडही डब्यातलं मिळतं, पण तुम्ही चक्का टांगताच ना.

कृषी_सेवक
ज्वारी टिकण्याबद्दल, कारण हे कुणीतरी सांगितलंच पाहिजे.

भरण्याआधी दोन-तीन कडक उन्हं द्या. दाताखाली कट्कन आवाज आला पाहिजे. नुसता चुरा झाला तर ओल आहे, सोंडे पडणारच. गच्चीवर वाळवायला सोसायटी परवानगी देते का ते बघा. नसेल तर उदगीरलाच वाळवून, चाळून, गार झाल्यावर भरा. गरम धान्य कोठीत टाकलं की आतून घाम सुटतो. कडुलिंबाचा सावलीत सुकवलेला पाला थराथराने घाला.

आणि गावाकडे गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या फ्लॅटमध्ये कदापि वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत माणसं दगावली आहेत. "आमच्यात कायम टाकतात, काही होत नाही" असं सांगणारा शेजारी भेटेलच. त्याच्या घरी हवा खेळती असते, तुमच्या चौथ्या मजल्यावर नसते.

डाळमिलवाला
@कृषी_सेवक, धन्यवाद. आमच्या घरात ती डबी खरोखर होती. आज लांब नेऊन टाकायला निघालोय.

कृषी_सेवक
टाकू नका! कृषी केंद्रावाल्याला परत द्या. नाल्यात तर मुळीच नको.

निवृत्त_तलाठी
हैदराबादला 'अनोळखी' म्हटल्याचं मला जरा लागलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तीच आपली राजधानी होती, आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपले मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. माझ्या वडिलांचं शिक्षण उर्दूत झालं. वकिली शिकायची तर उस्मानिया विद्यापीठ, मोठं दुखणं निघालं तर हैदराबाद. मुंबई त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती वयाच्या पन्नाशीत. पगार निजामाच्या हाली शिक्क्यात मिळायचा अन् इंग्रजी मुलुखातला रुपया आला तर त्याला 'कलदार' म्हणायचे.

ज्वारी न्या नाहीतर ठेवा, पण एक पत्र्याची पेटी विसरू नका. खासरा पाहणी (जमिनीची जुनी नोंद), जुने सातबारे, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा. पुढे मुलीच्या जातीच्या दाखल्याला हेच लागतं आणि तो दाखला मूळ गावच्या बाजूलाच काढावा लागतो, मियापूरला नाही. जुने कागद उर्दूत असतील आणि त्यावर फसली सन असेल. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. घर बंद करून जाताना लोक रद्दीवाल्याला हीच पेटी देतात अन् नंतर तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. मी पायरीच्या वरच्या अंगाला बसून तीस वर्षं हे बघितलं.

टवाळ_परभणीकर
काका, तुम्ही पायरीवर बसला होता म्हणूनच तर झिजल्या त्या.

निवृत्त_तलाठी
बाळा, परभणीचा आहेस म्हणून सोडून देतो.

काळी_माती
काकांचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. ते हैदराबाद म्हणजे कोठी, काचीगुडा, सुलतान बाजार या जुन्या भागांतलं. तिथे जुनी मराठी घराणी आहेत, मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, दुकानदाराला मराठी कळतं. मियापूर-पटानचेरू म्हणजे निराळंच गाव. तिथे शेजारी विजयवाड्याचा, वरचा ओडिशाचा, वॉचमन महबूबनगरचा. आजोबांची राजधानी होती म्हणून लिफ्टमध्ये कुणी जागा देत नाही.

मांजरा_काठ
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. मियापूरला घर बघताना विचारा, "मंजिरा वॉटर आहे का?" तिकडे जाहिरातीत तसंच लिहितात. मंजिरा म्हणजे आपली मांजरा. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम, धनेगावचं धरण, मग लातूर, मग बीदर, मग तेलंगणात सिंगूर. हैदराबादच्या त्या बाजूला कित्येक वर्षं हेच पाणी प्यायला जातं. गोदावरीचं नंतर आलं, तीही आपल्याच दारातून गेलेली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी स्टेशनवर उभा होतो. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक फोटो काढत होते. माझी बहीण तेव्हा लिंगमपल्लीला राहायची. तिला फोन केला तर म्हणाली, "आमच्याकडे नळाला पाणी येतं." काय बोलावं कळेना. मी फोन ठेवून दिला.

मंजिरा नसेल तर बोअर अन् टँकर. तसं असेल तर घर बदला.

शाळामास्तर_अहमदपूर
मुलीच्या शाळेबद्दल. शाळा सोडल्याचा दाखला घेताना नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघा, नंतर दोन राज्यांत पत्रव्यवहार करावा लागतो. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांमध्ये तेलुगू विषय सक्तीचा आहे, माध्यम कोणतंही असो. चौथीतलं पोर सहा महिन्यांत बोलायला लागतं, घाबरू नका. घाबरायचं आई-बापाने.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पुढेमागे मुलीला वैद्यकीयला घालायचं मनात असेल, तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. आठवीत असतानाच ठरवा की ती तिकडची होणार की इकडची. अधांतरी राहिलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत.

मोटारसायकल लातूरची, एमएच-२४ असेल. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी करावी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी. जुनी असेल तर विका आणि तिकडे दुसरी घ्या.

टवाळ_परभणीकर
एमएच-२४ विकू नका! परमुलखात ती पाटी दिसली की माणूस सिग्नलला हात करतो. सर, तुमचा सल्ला कायद्याने बरोबर, पण माणुसकीला धरून नाही.

कुकटपल्लीकर
भाषेवर थोडं. आपल्याला दखनी उर्दू कळते, हे मोठं भांडवल आहे. 'नक्को', 'हौ', 'कायकू' एवढ्यावर निम्मं शहर चालतं, अन् ते 'नक्को' तर आपल्याकडूनच गेलेलं.

तेलुगू मात्र फसवते. पहिल्या महिन्यात खानावळीत वाढपी भात वाढत होता. मी भुकेला, म्हणालो, "चालू द्या, चालू द्या." तो थांबला. पुन्हा म्हणालो, "अहो चालू द्या!" तो भाताचं भांडं घेऊन निघूनच गेला. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे.

बीडची_ताई
😂😂 माझ्या सासूबाई माझ्या भावाकडे गेल्या होत्या तिकडे. सकाळी दारात पोरगा ओरडला, "पालु!" सासूबाई खुर्चीवर चढल्या. दूधवाला होता तो.

कुकटपल्लीकर
हो, पालु म्हणजे दूध. आणि पिंडि म्हणजे पीठ. गिरणीवाला म्हणाला, "पिंडि रेपु," तर आमच्या आईने विचारलं, "इथं महादेवाचं देऊळ कुठंय?" तो सांगत होता, पीठ उद्या मिळेल.

काळी_माती
सगळं मिळेल हो, पण सकाळी सुशीला मिळणार नाही, ते दुःख वेगळं.

पेठेतला_पाहुणा
क्षमस्व, पण सुशीला कोण?

बीडची_ताई
🤣

टवाळ_परभणीकर
पाहुणे, मराठवाड्यात घरोघरी असते. सकाळी गरम असते, लिंबू पिळून.

बीडची_ताई
@टवाळ, पुरे. पाहुणे, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याचा कूट घालून फोडणी देतात, त्याला सुशीला म्हणतात. नाव कसं पडलं ते विचारू नका, पाच जण पाच गोष्टी सांगतील.

हिंगोलीची_लेक
मला जरा वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

लग्नानंतर आम्ही सासूबाईंना घेऊन याच भागात, चंदानगरला आलो. सगळं नेलं. जातं, पाटा, कोठी, तुळस. सगळं नेलं म्हणजे गाव नेलं असं वाटलं होतं. सासूबाई चार महिने बाल्कनीत बसून होत्या. संध्याकाळी सांगायच्या, "आज ती निळी गाडी नऊ वेळा गेली." हिंगोलीत घरासमोरून जाणारा माणूस थांबायचा, इथे गाडी जायची.

पाचव्या महिन्यात त्यांना आम्ही नाही, खालच्या मजल्यावरच्या तेलुगू आजींनी बाहेर काढलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या रोज गच्चीवर मिरच्या निवडायच्या अन् दोघी आपापल्या भाषेत सुनांबद्दल बोलायच्या. मला दोन्हीकडचं कळत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून म्हणते, आईंसाठी कोठीपेक्षा तळमजला किंवा पहिला मजला बघा. लिफ्टची सवय नसलेलं माणूस चौथ्या मजल्यावर नजरकैदेत असतं.

डाळमिलवाला
@हिंगोलीची_लेक ताई, हे खरंच डोक्यात नव्हतं. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एक घर रिकामं आहे, भाडं थोडं जास्त. विचारतो.

एकूण सूर असा दिसतोय की दोन कट्टे न्यावेत, वाळवून, पाला घालून. की तीन? घरघंटी घेतली तर दळणाचाही प्रश्न मिटेल. कुणी वापरलीय का?

काळी_माती
घरघंटी चांगली, पण आवाज होतो. दुपारी चालवा. खालच्याला आधी दोन भाकऱ्या पाठवा, मग तक्रार येत नाही.

डाळमिलवाला
मी यांची बायको. यांचा फोन चार्जिंगला आहे अन् धागा उघडाच होता, म्हणून वाचला.

सगळे प्रतिसाद वाचले. ज्वारी कशी वाळवायची, कशात भरायची, कोणत्या वारी दळायची, सगळं आलं. भाकरी कोण थापणार, एवढंच कुणी विचारलं नाही. आमच्याकडे रोज बारा लागतात. कारखान्याची बस पावणेसातला आहे म्हणे. म्हणजे मी पाचला उठायचं. उदगीरात सासूबाई परातीत पीठ मळून द्यायच्या. आता डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तव्याची आच सोसत नाही.

दुसरं. मी डी.एड. आहे. इथे घरी बावीस मुलं शिकवणीला येतात, पहिली ते सातवी. ती मी मागच्या आठवड्यापासून एकेकाला "पुढच्या महिन्यात येऊ नको" म्हणून सांगतेय. यांच्या पहिल्या पोस्टमध्ये माझ्याबद्दल एक शब्द आहे: 'बायको'. ज्वारीवर बारा ओळी आहेत, मी मोजल्या.

सासूबाईंशी माझं भांडण नाही. ती ज्वारी त्यांनी खुरपलीय, काढलीय, त्यांना सोडवत नाही ते मला कळतं. मी दोन कट्टे म्हणते. आणि त्या रस्त्यावरच्या भाकरीवाल्या बाईचा पत्ता द्या, कुकटपल्लीकर भाऊ. तेवढं एक हैदराबादमधलं मला आवडायला लागलंय.

हे वाचतीलच ते. वाचू देत.

टवाळ_परभणीकर
वहिनी, चुकलं. मी एवढे विनोद केले, ते पलंग, कोठी अन् सुशीलेवर. तव्यापाशी कुणीच गेलो नाही.

बीडची_ताई
बाई, तू लिहिलंस ते बरं केलंस. मीही खुर्ची अन् पालीवर हसत बसले होते. माझ्याही घरी दहा लागतात.

कुकटपल्लीकर
वहिनी, पत्ता कशाला, मियापूर चौकापासून कोणत्याही रस्त्याला लागा, संध्याकाळी सहानंतर तवे दिसतीलच.

पण दुसऱ्या मुद्द्याचं सांगतो. इथे तेलुगू घरांतल्या मुलांना शाळेत हिंदी असतं आणि त्यांच्या आई-बापांना देवनागरी धड येत नाही. माझ्या मुलाच्या वर्गातले निम्मे पालक हिंदीची शिकवणी शोधत असतात, मिळत नाही. तुम्ही डी.एड., सातवीपर्यंत शिकवलेलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाका. तेलुगू येत नाही ही इथे अडचण नाही. मुलं तुमच्याशी हिंदीतच बोलतील, ती तर तालीमच झाली.

हिंगोलीची_लेक
हे शंभर टक्के खरं. आणि उदगीरच्या बावीसांपैकी मोठ्या पाच-सहा जणांना "येऊ नको" म्हणू नका, फोनवरून चालू ठेवा. (मराठीतलं चालू.)

शाळामास्तर_अहमदपूर
मूळ कागदपत्रांत डी.एड.ची गुणपत्रिकाही त्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. तलाठीसाहेब, आपल्याला हे सुचायला हवं होतं.

निवृत्त_तलाठी
सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

डाळमिलवाला
(मीच आहे, नवरा.) सात आठवड्यांनी लिहितोय, माफी.

पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं. दोन कट्टे आले, तीन आत्याकडे ठेवले. सामान आलं त्या रात्री पलंग, कोठी, पेटी सगळं बसलं. माझं टेबल मात्र बसलं नाही, ते गॅलरीत आहे.

गिरणीचा वार गुरुवार. आई स्वतः जाते. पहिल्या खेपेला गिरणीवाला म्हणाला, "अम्मा, डब्बा रख के जाओ." आई म्हणाली, "नक्को." स्टूल ओढून तिथंच बसली, आधीचं गव्हाचं पीठ पुरतं झाडून घ्यायला लावलं, वर आपली दोन मुठी ज्वारी आधी टाकून ते पीठ बाजूला काढलं. आता तो तिला बघितलं की आपणच झाडणी घेतो.

हिला हिंदीची पाच मुलं मिळालीत, उदगीरची सहा फोनवर आहेत. बुधवारी अन् रविवारी भाकरी बाहेरची. बाकीचे दिवस पीठ मळते ही, पण थापतो मी. गोल येत नाहीत. मुलगी म्हणते, तेलंगणाचा नकाशा येतो. आईचं बाहेरच्या भाकरीबद्दल मत: "कागदावानी हाय." दोन खाते.

आता नवीन प्रश्न. येळवस जवळ आलीय. लातूरला त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळे वावरात. इथे कारखान्यात मार्गशीर्ष अमावस्येला सुट्टी मागितली तर साहेबाने विचारलं, "कोणता सण?" मी म्हणालो, "शेतात जाऊन भज्जी, आंबील खायची, पांडवांची पूजा." तो म्हणाला, "हे सणाच्या यादीत नाही." अर्जात काय कारण लिहू?

काळी_माती
'शेतीचं काम' लिहा. खोटं नाही. उंडे खाणं हे कामच आहे, खाऊन बघायला सांगा त्याला.

मांजरा_काठ
रेल्वेने या. लिंगमपल्लीहून विकाराबाद, बीदर, भालकी करत उदगीर. आदल्या रात्री पोचाल.

पेठेतला_पाहुणा
'सुशीलेची तब्येत बरी नाही' असं लिहून बघा.

निवृत्त_तलाठी
अर्ज उर्दूत लिहून द्या, मी मसुदा करून देतो. वाचता येणार नाही अन् तसं कबूलही करवणार नाही. मंजूर होईल.